तणनाशकं सुरक्षित आहेत असं कितीही सांगितलं, तरी पटत का नाही?

रानवाट

मंडळी, तणनाशकांचा विषय निघाला की चर्चा दोन वाक्यांत संपते. एक बाजू म्हणते, "विष आहे ते, सरसकट बंद करा." दुसरी म्हणते, "शास्त्रज्ञांनी तपासलंय, उगाच घाबरवू नका." माझं या दोन्हींनी समाधान होत नाही, म्हणून हा धागा काढतेय.

माझं म्हणणं आधीच सांगते. लोकांना विज्ञान कळत नाही म्हणून ते अविश्वास दाखवतात, हे मला मान्य नाही. या अविश्वासाला इतिहास आहे, आणि तो कंपन्यांनी व काही अंशी नियामकांनीच घडवलाय. पण त्याचा रोख चुकतोय असंही मला वाटतं. ताटातल्या अवशेषांवर सगळे बोलतात. पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्या माणसाबद्दल मात्र कोणी विचारत नाही.

ग्लायफोसेटचंच घ्या, कारण सगळ्यात मोठं भांडण त्याच्यावरून आहे. मोन्सँटो या अमेरिकी कंपनीतल्या जॉन फ्रान्झ या रसायनतज्ज्ञाला १९७० मध्ये त्याचा तणनाशक गुण सापडला आणि १९७४ मध्ये ते 'राउंडअप' नावाने बाजारात आलं. १९९६ पासून त्याला दाद न देणारी जनुक बदललेली पिकं आली, आणि मग वापर कुठल्या कुठे गेला. मार्च २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, त्याला २ए गटात टाकलं: माणसाला कर्करोग होण्याची बरीच शक्यता. त्याच वर्षी नोव्हेंबरात युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, एफ्साने, जाहीर केलं की असा धोका संभवत नाही. मे २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना (एफएओ) यांची संयुक्त तज्ज्ञ बैठक म्हणाली, आहारातून कर्करोगाचा धोका दिसत नाही. एकाच संघटनेच्या छताखालून साधारण वर्षभरात दोन उत्तरं आली. सामान्य माणसाने काय समजायचं?

खोलात गेल्यावर कळतं की दोघांनी वेगवेगळे प्रश्न सोडवले होते. या पदार्थात कर्करोग घडवण्याची क्षमता आहे का, हे आयएआरसी पाहते. प्रत्यक्ष जेवढं शरीरात जातं तेवढ्याने तो होईल का, हे नियामक पाहतात. इथपर्यंत ठीक. पण दुसरा फरक मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आयएआरसीने सगळ्यांना वाचता येतील अशाच अभ्यासांवर भिस्त ठेवली. नियामकांनी त्याशिवाय कंपन्यांनी स्वतः पैसे देऊन करवून घेतलेले अभ्यास वापरले, आणि ते तुम्हाआम्हाला बघायला मिळत नव्हते. व्यापारी गुपित म्हणून. ते उघड करा असं युरोपीय न्यायालयाला मार्च २०१९ मध्ये एफ्साला सांगावं लागलं.

आणि राउंडअपमुळे कर्करोग झाला म्हणून अमेरिकेत लोकांनी भरलेल्या खटल्यांमधून २०१७ मध्ये मोन्सँटोचे अंतर्गत ईमेल बाहेर आले. ग्लायफोसेट निर्धोक आहे असं सांगणारा आणि पुढे असंख्य ठिकाणी दाखला म्हणून वापरला गेलेला २००० सालचा एक आढावा-लेख. त्यावर नावं बाहेरच्या शास्त्रज्ञांची होती, लेखनात हात कंपनीच्या लोकांचा होता. ज्या नियतकालिकात तो छापला होता त्याने तो मागे घेतला २०२५ च्या अखेरीस! पंचवीस वर्षं तो लेख पुरावा म्हणून फिरत राहिला.

तेव्हा माझा प्रश्न असा: नेमकं काय दिसलं, तर तुमचा विश्वास बसेल?

काटेकोर

रानवाट, ईमेल, गुप्त अभ्यास, सगळं मान्य. मी रसायनशास्त्राचा माणूस आहे आणि त्या लेखाचा प्रकार मला लाजिरवाणा वाटतो. पण कंपनी खोटं वागली म्हणून रेणूचे गुणधर्म बदलत नाहीत.

ग्लायफोसेट वनस्पतींमधलं एकच विकर (एन्झाइम) अडवतं. त्या विकराच्या मार्गाने वनस्पती काही अमिनो आम्लं तयार करतात. तो मार्ग वनस्पती, बुरशी आणि काही जिवाणूंमध्ये असतो, प्राण्यांमध्ये नसतो. उंदरांमध्ये तीव्र विषबाधेची मात्रा किलोमागे ५ ग्रॅमच्या वर आहे, म्हणजे खूपच जास्त. युरोपने रोजच्या आहारातली स्वीकार्य मर्यादा शरीराच्या दर किलोमागे अर्धा मिलिग्रॅम धरलीय, तीही प्राण्यांवर परिणाम न दिसलेल्या मात्रेला शंभराने भागून.

२ए गटाची यादीही जरा पाहा. लाल मांस आहे, रात्रपाळीचं काम आहे, ६५ अंशांपेक्षा गरम पेयं आहेत. पुरावा किती भक्कम आहे एवढंच ती यादी सांगते. धोका किती मोठा, हे ती सांगत नाही.

आणि सगळ्यात मोठा अभ्यास शेतकऱ्यांवरचाच आहे. अमेरिकेतल्या ५४ हजारांहून जास्त परवानाधारक फवारणी करणाऱ्यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. ग्लायफोसेट वापरणाऱ्यांत एकूण कर्करोग किंवा नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा एक कर्करोग, वाढलेला आढळला नाही. तो अभ्यास सरकारी पैशाने झाला होता, कंपनीच्या नाही.

खुरपं

मी शेती करतो. दोन्ही पोस्टी नीट वाचल्या. आता शेतात काय होतं ते सांगतो.

खुरपणीला माणसं मिळत नाहीत. मिळाली तरी वाकून वाकून बायांच्या कमरेची काय अवस्था होते ती ज्यांनी बघितली नाही त्यांनी "हाताने तण काढा" हा सल्ला देऊ नये. तण आठवडाभर जास्त राहिलं तर पीक मागे पडतं आणि ते पुढे भरून निघत नाही. म्हणून मी तणनाशक वापरतो, आणि भीत भीत वापरतो.

भीती कशाची, तर त्या कागदाची. लेबलवर बारीक अक्षरात सगळं लिहिलेलं असतं: हातमोजे घाला, तोंड झाका, वारा असेल तर फवारू नका, इतके दिवस शेतात शिरू नका. विकणारा त्यातलं एक अक्षर सांगत नाही. तो सांगतो, "पंपाला एवढी झाकणं टाका, जळतंय का नाही बघा." दोन औषधं एकत्र करून मारा असंही सांगतो. पंप जुना असला की टाकीतून गळतं आणि पाठ भिजते. ओला सदरा दिवसभर अंगावर. तोटी तुंबली तर तोंडाने फुंकणारे लोक मी पाहिलेत.

तर काटेकोर साहेब, शंभराने भागलेली मर्यादा खाणाऱ्याची झाली. ज्याची पाठ भिजली त्याची मर्यादा कुठे लिहिली आहे?

सावली

खुरपं दादा, शेवटचा प्रश्न फार नेमका आहे.

मला एक विचारायचंय. अमेरिकेत म्हणे ८० टक्क्यांहून जास्त लोकांच्या लघवीत ग्लायफोसेट सापडलं. हे खरं आहे का? ते वाचल्यापासून मला कशावरच विश्वास ठेवावासा वाटत नाही. माझं बाळ लहान आहे.

काटेकोर

सावली, हो, खरं आहे. २०१३-१४ मध्ये गोळा केलेल्या नमुन्यांची तपासणी तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेने केली आणि ते आकडे २०२२ मध्ये बाहेर आले. सहा वर्षांपासून पुढच्या सगळ्या वयाच्या लोकांचे नमुने होते. पण हे मोजमाप अतिसूक्ष्म असतं. आजची उपकरणं लिटरमागे मायक्रोग्रॅमच्याही अंशापर्यंत जातात. सापडणं वेगळं आणि इजा होण्याएवढं असणं वेगळं. ग्लायफोसेट शरीरात साचून राहत नाही, लवकर बाहेर टाकलं जातं. लघवीत दिसतं ते त्यामुळेच.

खुरपं, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: फवारणाऱ्यासाठी वेगळी मर्यादा खरोखर ठरवलेली असते. पण ती ठरवताना त्याने हातमोजे आणि पूर्ण कपडे घातलेत असं बऱ्याच वेळा गृहीत धरलेलं असतं.

खुरपं

म्हणजे हिशोब ज्या माणसाचा केला, तो माणूस शेतात नाहीच.

ओलावा

मला काटेकोर यांच्या दोन गोष्टी खटकल्या.

एक, तुम्ही नुसत्या ग्लायफोसेटबद्दल बोलताय. बाटलीत नुसतं ग्लायफोसेट नसतं. पानावर पसरावं, आत मुरावं म्हणून त्यात पृष्ठसक्रियकं घातलेली असतात. त्यातलं पीओईए हे द्रव्य जलचरांना आणि पेशींना ग्लायफोसेटपेक्षाही जास्त घातक ठरू शकतं, हे अभ्यासांत दिसलंय. युरोपीय संघाने २०१६ मध्ये ग्लायफोसेटच्या उत्पादनांत त्यावर बंदी घातली. इतर बऱ्याच ठिकाणी ते चालू राहिलं. दीर्घकालीन चाचण्या बहुतांशी शुद्ध घटकावर होतात आणि शेतकरी मिश्रण फवारतो. मग "तपासलंय" याला काय अर्थ उरतो?

दोन, ५४ हजारांच्या अभ्यासासोबत २०१९ चं एकत्रित विश्लेषणही सांगायला हवं होतं. त्यात सगळ्यात जास्त संपर्क आलेल्या लोकांत नॉन-हॉजकिन लिम्फोमाचा धोका ४१ टक्क्यांनी जास्त दिसला, आणि त्यात तुमचा तो अमेरिकी अभ्यासही धरलेला होता. शिवाय अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, २०२० मध्ये काढलेला "कर्करोगकारक असण्याची शक्यता नाही" हा निष्कर्ष पुराव्याशी जुळत नाही म्हणून तिथल्याच अपील न्यायालयाने जून २०२२ मध्ये रद्द केला. नियामकांचा दाखला देताना हे गाळू नये.

काटेकोर

ओलावा, मिश्रणाचा मुद्दा पूर्ण मान्य, त्यावर माझ्याकडे प्रतिवाद नाही.

४१ टक्क्यांबद्दल मात्र एवढंच, की ही वाढ सापेक्ष आहे. मुळात कमी लोकांना होणाऱ्या आजारात ४१ टक्के वाढ म्हणजे शंभरातल्या ४१ जणांना कर्करोग असं नव्हे. बातम्यांमधून लोकांपर्यंत तसंच पोचलं.

शिवाय चुका एकाच बाजूने झालेल्या नाहीत. २०१२ चा तो उंदरांवरचा फ्रेंच अभ्यास आठवा, राउंडअप आणि जनुक बदललेला मका दिलेल्या, मोठमोठ्या गाठी आलेल्या उंदरांचे फोटो जगभर फिरले. उंदरांची ती जात अशी की म्हातारपणी आपोआपच गाठी येतात, आणि एका गटात फक्त दहा उंदीर. नियतकालिकाने २०१३ मध्ये तो लेख मागे घेतला, पुढच्या वर्षी तो दुसरीकडे पुन्हा छापून आला. फोटो अजून फिरतात. आयएआरसीच्या बैठकीला बाहेरून बोलावलेल्या एका शास्त्रज्ञाने त्यानंतर लगेचच मोन्सँटोविरुद्ध खटले भरणाऱ्यांच्या वकिलांकडे पैसे घेऊन सल्लागाराचं काम स्वीकारलं, तेही उघड झालंय. मला राग दोघांचाही येतो, कारण यात बळी त्या सावलीताईंसारख्या माणसांचा जातो. नेमकं कोणाचं ऐकायचं हेच त्यांना कळेनासं होतं.

रात्रपाळी

मी डॉक्टर आहे, विषबाधेचे रुग्ण पाहते. एवढा वेळ गप्प राहून वाचत होते, पण आता राहवत नाही.

तुम्ही सगळे ग्लायफोसेटवर बोलताय. पॅराक्वाटचं नाव अजून कोणी घेतलं नाही. तेही तणनाशकच. ते पोटात गेलं तर त्याला उतारा नाही. आधी तोंड आणि घसा सोलून निघतो, मग मूत्रपिंडं, मग फुप्फुसं आक्रसत जातात. रुग्ण शुद्धीवर असतो, बोलत असतो, आणि आम्हाला माहीत असतं की पुढे काय होणार आहे. नातेवाईक विचारतात, "आता बरा दिसतोय ना?" या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, ते मला अजूनही जमत नाही.

कर्करोगाच्या शक्यतेवर दहा वर्षं वाद चाललाय, तो चालू दे. पण ज्याच्या घातकपणाबद्दल कोणालाच शंका नाही, ते आधी थांबवा. आणि ते थांबवता येतं. स्वित्झर्लंडने पॅराक्वाट १९८९ मध्येच बंद केलं, युरोपीय संघात ते २००७ पासून बंद आहे. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये नोंदणी रद्द केली आणि २०१२ मध्ये विक्री थांबवली. कीटकनाशकांनी आणि तणनाशकांनी होणाऱ्या आत्महत्यांचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास निम्म्यावर आलं. श्रीलंकेने २००८ ते २०११ दरम्यान ते टप्प्याटप्प्याने काढलं, तिथेही मृत्यू घटले, आणि शेतीचं उत्पादन कोसळलं नाही. टोकाच्या क्षणी हाताशी ते नव्हतं, म्हणून ही माणसं वाचली. ज्यांना स्वतःबद्दल असे विचार येत असतील त्यांनी कृपया जवळच्या कोणाला तरी आत्ताच सांगा, डॉक्टरांकडे या.

लोकांना राग येण्यासारखी गोष्ट पुढे आहे. स्वतःच्या शेतात जे वापरायला बंदी, ते ब्रिटनमधल्या कारखान्यात बनून इतर देशांना विकलं जात राहिलं. आपल्या माणसांसाठी घातक आणि दुसऱ्यांच्या माणसांसाठी चालेल, हे ज्याला कळतं तो पुढच्या कुठल्याही "सुरक्षित" या शिक्क्यावर का विश्वास ठेवेल?

पाणवठा

डॉक्टर, तुमच्या पोस्टनंतर काही लिहिणं जड जातंय.

मी पाण्याच्या बाजूने थोडं जोडतो. ॲट्राझिन हे तणनाशक भूजलात वारंवार मर्यादेपेक्षा जास्त सापडायला लागलं म्हणून युरोपीय संघाने २००४ च्या सुमारास त्याची मान्यता काढून घेतली. अमेरिकेत ते आजही मोठ्या प्रमाणावर वापरतात. युरोपात पिण्याच्या पाण्यात कुठल्याही एका कीडनाशकाची किंवा तणनाशकाची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम आहे. ते किती विषारी आहे यावर ती ठरलेली नाही. पाण्यात असलं काही नकोच, या विचारातून ती आलीय. मला हा विचार पटतो. पाणी पिणाऱ्याने फवारणीला होकार दिलेला नसतो.

शेजारच्या शेताचंही तेच. डायकांबा हे तणनाशक उन्हाच्या तापात वाफ होऊन उडतं आणि दूर जाऊन बसतं. अमेरिकेत २०१७ च्या एका हंगामात सुमारे ३६ लाख एकर सोयाबीनला त्याचा फटका बसल्याचा अंदाज होता. मारलं एकाने, पानं वाकडी झाली दुसऱ्याची. न्यायालयाने २०२० मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये त्याची परवानगी रद्द केली.

सावली

एवढं सगळं वाचून मला वाटतं, ज्यांनी वेळेत थांबवायला हवं होतं त्यांनी थांबवलं असं एक तरी उदाहरण आहे का? न्यायालयाने नाही, नियामकाने?

ओलावा

आहे, पण ते ऐकून समाधान होईल असं वाटत नाही. डीसीपीए नावाचं तणनाशक, अमेरिकेत १९५८ पासून नोंदणीकृत. भाजीपाल्याच्या शेतात वापरलं जायचं. थायरॉइडवर काय परिणाम होतो याचा अभ्यास ईपीएने कंपनीकडे २०१३ मध्ये मागितला. कंपनीने तो दिला २०२२ मध्ये. त्यात दिसलं की गर्भवती स्त्री शेतात काम करत असेल तर पोटातल्या बाळाच्या थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो, म्हणजे मेंदूच्या वाढीवर. ऑगस्ट २०२४ मध्ये ईपीएने तातडीने वापर थांबवला. असा तातडीचा आदेश जवळपास चाळीस वर्षांत पहिल्यांदाच निघाला.

शेवटी निर्णय बरोबर झाला, ते मी नाकारत नाही. पण मागितलेला अभ्यास नऊ वर्षं येत नाही आणि तोवर विक्री चालू राहते, हे मला सहन होत नाही. अभ्यास नाही तर विक्री नाही, एवढा साधा नियम का असू नये?

रानवाट

ओलावा, नेमकं. मला हेच हवं होतं.

मी विचारलं होतं, काय दिसलं तर विश्वास बसेल. तुमच्या सगळ्यांच्या पोस्टी वाचून माझं उत्तर जास्त स्पष्ट झालंय. निष्कर्ष माझ्या बाजूचा लागला पाहिजे असा माझा हट्ट नाही. तो कसा काढला ते मला पाहता आलं पाहिजे. चाचणीला पैसे कोणी दिले, मूळ आकडे कुठे आहेत, कोणते अभ्यास बाजूला ठेवले आणि का, हे पाहता आलं पाहिजे. युरोपात ग्लायफोसेटविरोधात दहा लाखांहून जास्त नागरिकांनी सह्या केल्या, त्यातून २०१९ चा पारदर्शकतेचा कायदा आला आणि मार्च २०२१ पासून लागू झाला. आता परवानगीसाठी दिलेले अभ्यास तिथे सुरुवातीलाच उघड करावे लागतात, आणि कंपनीने चाचणी सुरू करतानाच तिची नोंद करावी लागते, म्हणजे नको तो निकाल गुपचूप गाडता येत नाही. बंदीपेक्षा हे मला मोठं वाटतं.

चाचणीतली लबाडी ही कल्पनेतली भीती नाही, म्हणून नोंदीवर एवढा जोर देतेय. अमेरिकेत आयबीटी नावाची मोठी खासगी प्रयोगशाळा होती. कित्येक रसायनांच्या सुरक्षा-चाचण्या तिच्याकडे जायच्या. १९७६ मध्ये सरकारी तपासणीत उघड झालं की तिथले निकाल बनावट आहेत. १९८३ मध्ये तिच्या अधिकाऱ्यांना दोषी ठरवलं गेलं. ग्लायफोसेटचे काही अभ्यासही तिथलेच होते, ते नंतर पुन्हा करावे लागले.

आणि काटेकोर, हेही तुमच्या बाजूने नोंदवते: २०२३ मध्ये एफ्साने सगळं पुन्हा तपासलं आणि गंभीर चिंतेचं क्षेत्र सापडलं नाही असं सांगितलं. पण त्याच अहवालात काही बाबतींत माहिती अपुरी असल्याचंही लिहिलं, त्यात मिश्रणातल्या एका घटकाच्या विषारीपणाचाही समावेश होता. बातम्यांत पहिलंच वाक्य आलं. युरोपातल्या परवानगीची मुदत वाढली डिसेंबर २०३३ पर्यंत, कापणीआधी पीक वाळवण्यासाठी फवारायला मात्र मनाई झाली. हे दुसरं वाक्यही तितक्याच मोठ्या आवाजात सांगितलं असतं, तर लोकांनी पहिल्यावर जास्त विश्वास ठेवला असता.

काटेकोर

पटलं. अपुरी माहिती अपुरी आहे असं सांगितल्याने लोक घाबरतील, असं आमच्या क्षेत्रात फार जणांना वाटतं. मला वाटतं, लपवलेली गोष्ट नंतर कळते तेव्हा माणूस जास्त घाबरतो.

खुरपं

कायदे होतील तेव्हा होतील. मला उद्या शेतात जायचंय. तण जिथे आहे तिथेच मारायचं, मधल्या ओळीत कोळपं चालवायचं, आच्छादन टाकायचं, एवढं मी सुरू केलंय आणि फवारणी कमी झालीय. पण शून्य झालेली नाही. दरवर्षी तेच ते मारून तण दाद देईनासं होतं, हेही बघतोय. तर डॉक्टर ताई, फवारणाऱ्याने निदान काय पाळावं, साध्या शब्दांत सांगा. आमच्या गटात वाचून दाखवीन.

रात्रपाळी

दादा, सगळ्यात जास्त धोका फवारताना नसतो, औषध मोजून ओतताना असतो, कारण तेव्हा ते पाणी न घातलेलं असतं. त्या वेळी रसायनाला टिकणारे रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. कापडी मोजे नकोत, ते भिजतात आणि औषध कातडीला धरून ठेवतात. गळका पंप वापरूच नका, पाठ भिजली तर तिथेच थांबून साबणाने धुवा. तोटी तोंडाने फुंकायची नाही, मऊ ब्रश ठेवा. कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका, आणि ते धुणाऱ्या बाईलाही हातमोजे द्या, तिचा विचार कोणीच करत नाही. वारा तुमच्याकडे येत असेल तर त्या दिवशी नको. गर्भवती बाई आणि लहान मुलं त्या शेतात नकोत.

उरलेलं औषध पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत ओतून ठेवू नका, कितीही थोडं असलं तरी. माझ्याकडे आलेली लहान मुलं बहुतेक अशीच आलेली आहेत. मूळ डब्यात, कुलपात ठेवा. रिकामा डबा तीन वेळा खळबळून धुवा, ते पाणी पंपातच ओता, आणि डब्याला भोकं पाडा म्हणजे कोणी घरात वापरायला नेणार नाही.

आणि काही झालंच, तर उलटी करवू नका, लगेच दवाखान्यात या. येताना डबा किंवा निदान लेबलचा फोटो घेऊन या. "तणाचं औषध" एवढंच सांगितलं तर पॅराक्वाट आहे की दुसरं काही, हे ठरवण्यात आमचा वेळ जातो.

खुरपं

लिहून घेतलं. लेबलचा फोटो आत्ताच काढून ठेवतो, घरातल्या सगळ्यांच्या फोनवर पाठवतो.